पशुपालकांचे प्रश्न : जनावरामागे एक डॉलर

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. माझ्याकडे २२ संकरित गाई आहेत. तालुक्यातले आम्ही पन्नास-साठ गोपालक मिळून संघटना काढतोय. अमेरिकेत टेक्सासला मुलाकडे गेलेले असताना तिथला गुरांचा बाजार पाहिल्याचं तुम्ही मागच्या अंकात ओझरतं लिहिलं होतं. तिथल्या गुरंवाल्यांच्या संघटना फार जुन्या आणि वजनदार आहेत म्हणे. त्या नेमकं काय करतात? आम्ही वर्गणी किती ठेवावी? आमच्याकडचे खाद्याचे दुकानदार आणि दूध संकलन केंद्राचे मालक म्हणतात, आम्हालाही सभासद करून घ्या, पहिल्या वर्षाचा खर्च आम्ही उचलतो.
— एक वाचक, माळशिरस तालुका

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्याच्याकडे येतो, पण आधी बाजार दाखवतो.

फोर्ट वर्थपासून गाडीने दीड तासावर पत्र्याची मोठी शेड. मुलाच्या शेजाऱ्याची चाळीसेक गुरं आहेत, तीन पाडे विकायचे म्हणून तो निघाला आणि मला बरोबर घेतलं. (ही गुरं मांसासाठीच पाळलेली असतात. आपल्याकडे २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. तो विषय वेगळा, इथे काढत नाही.) आपल्या सांगोल्याच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून सौदा होतो, शेजारी उभ्या माणसालाही दर कळत नाही. तिथे लिलाव पुकारणारा इतक्या वेगाने बोलत होता की मला एक आकडा कळेना. तीस-चाळीस सेकंदांत पाडा आत आला आणि विकून बाहेरही गेला.

माझं लक्ष मात्र मागे, जनावरं उतरवतात त्या बोळाशी उभ्या असलेल्या एका माणसाकडे होतं. डोक्याला टोपी, हातात वही. प्रत्येक जनावराच्या अंगावरची डागणीची खूण, रंग, कान कापलेला असेल तर कसा, सगळं तो टिपत होता. मला वाटलं, आपल्यासारखाच सरकारी माणूस. शेजारी हसला. म्हणाला, हा आमचा आहे, संघटनेचा.

ही संघटना म्हणजे टेक्सास अँड साऊथवेस्टर्न कॅटल रेझर्स असोसिएशन. १८७७ साली ग्रॅहम नावाच्या गावी चाळीसेक गुरंवाले जमले आणि त्यांनी ती काढली. कारण एकच, चोरी. मोकळ्या रानात चरणारं जनावर कुणाचं, हे फक्त अंगावरच्या डागावरून कळायचं. सगळे डाग ओळखणारा माणूस बाजारात उभा करायचा, तर त्याचा पगार एकट्या-दुकट्याला परवडणारा नव्हता. म्हणून वर्गणी. आजही तिचे तीसेक खास रेंजर टेक्सास आणि ओक्लाहोमात फिरतात. त्यांना गुन्हेगार पकडायचे कायदेशीर अधिकार आहेत, पगार मात्र संघटना देते. आपण जनावराच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला मारतो, पण चोरीला गेलेल्या गाईचा बिल्ला बाजाराच्या दारात तपासायला कुणी उभा नसतो. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत तरी मला दिसला नाही.

आता पावती. शेजाऱ्याने गाडीत बसल्यावर ती मला दाखवली. बाजाराचं कमिशन, वाड्याचं भाडं आणि खाली एक ओळ : जनावरामागे दोन डॉलर. त्यातला एक टेक्सास राज्याचा, अर्ज केला तर परत मिळतो. दुसरा केंद्राच्या १९८५ च्या कायद्याचा, तो परत मिळत नाही. देशात कुठेही जनावर विकलं की हा डॉलर कापला जातो. १९८८ मध्ये पशुपालकांचं मतदान घेतलं, तेव्हा बहुमताने तो कायम झाला. त्यातून बीफची जाहिरात आणि संशोधन चालतं. आपल्या पुण्यातून १९८२ मध्ये बी. व्ही. राव यांनी अंडी समन्वय समिती उभी केली आणि ‘संडे हो या मंडे’ घराघरांत पोचलं, तसाच प्रकार. फरक एवढाच की तिथे पैसा कायद्याने कापतात. आमच्या पैशाने आम्हाला न पटणारी जाहिरात का, म्हणून काही लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००५ मध्ये निकाल आला : ही जाहिरात सरकारचंच बोलणं आहे, तक्रार चालणार नाही. शेजारी हे सांगताना जे म्हणाला ते मासिकात छापता येणार नाही.

त्याचा खरा राग पुढचा आहे. या डॉलरमधून सर्वांत जास्त काम ज्यांना मिळतं ती नॅशनल कॅटलमेन्स बीफ असोसिएशन, देशातली सगळ्यांत मोठी संघटना. डॉलरचा पैसा सरकारदरबारी वशिल्यासाठी वापरायला कायद्याने मनाई आहे, त्यासाठी तिची वर्गणी वेगळी. कर, चराऊ रानं, परदेशी बाजार यांवर तिची माणसं वॉशिंग्टनमध्ये बसून असतात, आणि ते काम ती चोख करते. पण तिच्यात कत्तलखान्यांच्या कंपन्याही आहेत. तिथे खाऊपिऊ घालून तयार केलेल्या गुरांपैकी सुमारे ८५ टक्के गुरं चारच कंपन्या घेतात. म्हणजे भाव पाडणारा आणि ज्याचा भाव पडतो तो, दोघे एकाच सतरंजीवर.

लेबलाच्या वेळी हे उघडं पडलं. मांसाच्या पाकिटावर कुठल्या देशाचं जनावर ते छापा, असा कायदा २००२ मध्ये झाला. लहान पशुपालकांना तो हवा होता, कारण कॅनडा-मेक्सिकोचं जनावर स्वस्त आणि कंपन्या ते तिथल्या गुरांत मिसळून विकायच्या. कंपन्यांना हे लेबल नको होतं, आणि मोठी संघटनाही त्याच्या विरोधात गेली. कॅनडा आणि मेक्सिको जागतिक व्यापार संघटनेत जिंकले, अब्जभर डॉलरच्या जकातीची टांगती तलवार आली आणि डिसेंबर २०१५ मध्ये गोमांसावरचं लेबल रद्द झालं. लेबलासाठी भांडणारी आर-काफ ही मोंटानातली लहान संघटना. तिच्यात कत्तलखान्यांना जागा नाही. पैसा कमी, आवाज मोठा, कोर्टकचेऱ्या सतत. मुलाचा शेजारी वर्गणी हिला देतो आणि डॉलर कापला जातो तो वेगळा.

तर तुमची संघटना. खाद्यवाले आणि संकलन केंद्रवाले भले लोक असतील, त्यांच्याशी भांडायचं कारण नाही. चहा द्या, सभेला बोलवा, पण सभासद करू नका. ज्या दिवशी तुमचं दूध ३.५ फॅटऐवजी ३.२ दाखवून लिटरमागे पैसे कापले जातील, त्या दिवशी ठराव कुणाविरुद्ध मांडणार? पहिल्या वर्षाचा खर्च ज्याने केला त्याच्याविरुद्ध?

वर्गणी लिटरवर ठेवू नका, त्यासाठी कपात संकलन केंद्राच्या हातात जाते. गाईमागे ठेवा, वर्षाला पन्नास रुपये पुष्कळ झाले, आणि घरी जाऊन रोख घ्या, पावती फाडा. मत मात्र माणशी एक, मग त्याच्या दावणीला दोन गाई असोत की साठ. नुसती बाजू मांडायची असेल तर सोसायटी म्हणून नोंदणी करा, सात जण पुरतात. पुढे दूध स्वतः विकायचं ठरलं तर उत्पादक कंपनी, तिला किमान दहा उत्पादक लागतात. दोन्ही एकदम सुरू करू नका, दमछाक होते.

आणि पहिल्या वर्षी मोर्चा, निवेदन, हारतुरे यांत पैसा घालवू नका. एक चांगलं मिल्कोमीटर (दुधाचं फॅट मोजायचं यंत्र) घ्या आणि प्रमाणित वजनकाटा. सकाळी केंद्रावर जाण्याआधी सभासदांनी दूध त्यावर मोजायचं, आकडा वहीत. वही सांभाळायला गावातली एखादी बारावी झालेली मुलगी पगारी ठेवा. तीन महिन्यांची वही घेऊन या, मग केंद्राच्या आकड्यांशी ताडून पाहू. शुक्रवारी दुपारी मी घरीच असतो.