कास मोठी, मग दूध कमी का?

प्रश्न : नमस्कार. आमच्याकडे दोन शेळ्या व्याल्यात, एक कोकण कन्याळ आणि एक घाटावरून आणलेली संगमनेरी. संगमनेरीची कास केवढी तरी मोठी पण दूध कन्याळपेक्षा कमी. धार मी अंगठा दुमडून काढते, आई तशीच काढायची. सासूबाई म्हणतात एकदाच काढ, करडांना राहूदे. काय करू? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : ताई, भरलेल्या कासेवरून काहीच कळत नाही, धार काढून झाली की मग हात लावून बघा. दुधाची कास तेव्हा रिकाम्या पिशवीसारखी सैल पडते, कातडीला सुरकुत्या येतात. संगमनेरीची नंतरही तशीच भरीव राहत असेल तर ते मांस आहे, दूध नाही. पण एकच बाजू गरम लागतेय, दुखतेय, पहिल्या धारेत गाठी येतायत असं असेल तर तो कासदाह, म्हणजे जंतूंमुळे कासेला आलेली सूज, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

अंगठा दुमडणं मात्र आजपासून बंद करा, खरंच सांगतो. सांध्याचा दाब सडाच्या आतल्या नाजूक अस्तरावर येतो, तिथे इजा होते आणि मग जंतूंना वाट मिळते. मुठीने काढा, म्हणजे अंगठा आणि पहिल्या बोटाने सड वरून बंद करायचा, दूध परत वर जाता कामा नये, मग मधलं बोट, त्याच्या खालचं, असं एकेक मिटत यायचं, सड ओढायचा नाही. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेल्या शेळीचे सड आखूड असतात, मुठीत धरता येत नाहीत, तिथे दोन बोटं चालतील पण हलक्या हाताने.

एकदा की दोनदा? शेळीचं बहुतेक दूध कासेतल्या खालच्या पोकळीत साठून राहतं, गाईचं तसं नाही, त्यामुळे एखादी वेळ चुकली तरी शेळी सोसते. पण कास रोज तुंबून राहिली की आत दूध बनणंच मंदावतं. म्हणून विकायचं असेल तर सकाळ-संध्याकाळ दोनदाच काढा. करडं दिवसभर पिऊन कास रिकामी करत असतील तर सासूबाईंचं बरोबर आहे.

आणि आपल्याकडच्या पावसात हे विसरू नका, धार झाल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास नीट मिटलेलं नसतं, शेळी तेवढ्यात ओल्या लेंड्यांत बसली की संपलं. समोर फणसाचा पाला बांधा, खात उभी राहील. सड बुडवायचं आयोडीनचं औषध मिळतं तेही वापरा.

कन्याळ मुळात मटणासाठीची जात, तिच्याकडून जास्त दुधाची अपेक्षा नको. पुढची शेळी दुधासाठी घेणार असाल तर कास पोटाला रुंद चिकटलेली आणि लोंबून मागच्या गुडघ्यांच्या खाली न गेलेली बघा, दोन्ही सड सारखे हवेत, आणि विकणाऱ्याला तुमच्यासमोर धार काढायला लावा.