परदेशात रोख की कार्ड? आधी पैसे बदलतं कोण ते बघा

तुम्ही विचारलंय की पहिल्यांदाच परदेशी निघालो आहे, एक जण सांगतो सगळी रोख घेऊन जा, कार्डावर भरमसाट कापतात. दुसरा म्हणतो रोखीचं ओझं कशाला, आता सगळीकडे कार्ड चालतं. तर ऐकायचं कुणाचं?

दोघांचंही खरं असेल, कारण दोघं वेगवेगळ्या देशांत फिरून आले असणार. मला कामानिमित्त बऱ्यापैकी फिरावं लागतं आणि माझं मत असं झालंय की रोख की कार्ड हे नंतर ठरवावं. तुमच्या चलनाचं तिकडच्या चलनात रूपांतर कोण करणार, कुठे करणार आणि कुठल्या दरानं करणार, हे आधी बघावं. पैसे जातात ते तिथे. नोट मोजून दिली की कार्ड टेकवलं, यानं फारसा फरक पडत नाही.

आधी दराचं बघू. समजा एखाद्या परकीय चलनाचा बाजारातला मधला दर, म्हणजे बँका आपसात ज्याच्या आसपास व्यवहार करतात तो, आज 100 आहे. विमानतळावरचा काउंटर तुम्हाला ते 106 ला विकतो आणि परत करायला गेलात की 94 ला घेतो. वर पाटी असते, ‘कमिशन शून्य’. पाटी खोटी नसते, त्याचं कमिशन दरातच असतं. नुसते बदलून घेतले आणि न वापरता परत केले तरी 106 चे 94 झाले, म्हणजे 11 टक्क्यांच्या वर गेले. हे आकडे उदाहरणाचे आहेत, पण विमानतळावर खरेदी-विक्रीच्या दरांत एवढी तफावत सहज दिसते. फलकावरचे दोन्ही दर वाचा आणि त्यांच्यातलं अंतर बघा. काउंटर बरा की वाईट हे त्या अंतरावरूनच कळतं.

कार्डाचं गणित वेगळं. व्हिसा किंवा मास्टरकार्ड ज्या दरानं रूपांतर करतात तो मधल्या दराच्या बराच जवळ असतो. दोघांच्याही संकेतस्थळांवर त्या त्या दिवसाचा दर बघायची सोय आहे. त्यावर तुमची बँक आपलं परकीय व्यवहार शुल्क लावते. ते बऱ्याच कार्डांवर 1 ते 3 टक्क्यांच्या आसपास असतं, काहींवर थोडं जास्त, आणि काही कार्डं मुद्दाम प्रवासासाठी शून्य शुल्काची असतात. निघण्यापूर्वी बँकेला एवढा एकच आकडा विचारा. तो 3 निघाला तरी विमानतळाच्या काउंटरपेक्षा कार्ड स्वस्त पडतं.

मग कार्डावर भरमसाट कापल्याची ओरड येते कुठून? माझ्या अंदाजानं निम्म्याहून अधिक वेळा मशीनवरच्या एका प्रश्नातून.

हॉटेल सोडताना काउंटरवर उभे आहात. बिल तिथल्या चलनात आहे. तुम्ही कार्ड घालता आणि छोट्या पडद्यावर दोन आकडे येतात, एक तिथल्या चलनात आणि एक तुमच्या घरच्या चलनात. खाली बारीक अक्षरांत दर लिहिलेला असतो. घरच्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, बरं वाटतं, आणि बोट तिकडे जातं. तो आकडा निवडला की रूपांतर तुमच्या कार्डाचं नेटवर्क, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्ड, करत नाही, त्या दुकानदाराच्या मशीनमागची कंपनी करते, आपल्या दरानं. त्यात 4-5 टक्के तर सहज जातात, कधी याहून बरेच जास्त. वर काही बँका व्यवहार परदेशात झाला म्हणून आपलं शुल्क लावतातच, म्हणजे एकाच बिलावर दोनदा कात्री. या सोयीचं नाव डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. युरोपियन युनियननं 2019 मध्ये नियम करून, युरोपियन सेंट्रल बँकेच्या दरावर किती टक्के चढवले ते ग्राहकाला आधी दाखवणं बंधनकारक केलं, म्हणून तिकडे निदान टक्केवारी दिसते तरी. बाकी जगात दिसेलच असं नाही.

उत्तर कायम एकच: तिथलं चलन. तुम्ही युरोच्या देशात असाल तर युरो, येनच्या देशात असाल तर येन. कधीकधी काउंटरवरचा माणूस परस्पर घरचं चलन निवडून मशीन पुढे करतो, ‘फक्त पिन टाका’ म्हणतो. पिन टाकण्याआधी पडद्यावर चलनाचं नाव वाचायची सवय लावून घ्या. चुकीचं दिसलं तर शांतपणे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. कुणी वाद घालत नाही. त्यांना ते माहीत असतं.

एटीएममध्ये हीच गोष्ट अधिक चलाखीनं होते. पर्यटकांच्या गल्लीतल्या, कुठल्याच बँकेला न चिकटलेल्या सुट्या एटीएमवर तर हमखास. रक्कम टाकली की मोठ्या अक्षरांत ‘रूपांतर स्वीकारा’ आणि कोपऱ्यात ‘रूपांतराशिवाय पुढे जा’. दुसरं दाबलं की पैसे मिळणार नाहीत असं वाटावं अशीच त्याची मांडणी असते. दुसरंच दाबा. पैसे मिळतात, आणि दर तुमच्या नेटवर्कचा लागतो.

एटीएमचा खर्च तीन ठिकाणचा असतो: तुमच्या बँकेचं पैसे काढण्याचं शुल्क, त्या मशीनवाल्याचं शुल्क आणि रूपांतर. पहिली दोन बहुतेक वेळा दर व्यवहारामागे ठरलेली असतात, काढलेल्या रकमेवर नाही. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेहून जास्त बाट कापले जातात, मग तुम्ही हजार काढा की दहा हजार. म्हणून रोज थोडे थोडे काढू नका, चार-पाच दिवसांचे एकदम काढा. आणि हे डेबिट किंवा प्रवासी कार्डानं, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायच्या प्रीपेड कार्डानं करा. क्रेडिट कार्डानं रोख काढली की ती उचल धरली जाते. नेहमीच्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत तिला सहसा नसते, व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं आणि उचलीचं शुल्क वेगळं.

एवढं झाल्यावर मग रोख की कार्ड. याला जगभराचं एक उत्तर नाही, देशागणिक बदलतं.

लंडनच्या बसमध्ये जुलै 2014 पासून रोख घेतच नाहीत. कार्ड टेकवायचं, दिवसभराच्या भाड्याला वरची मर्यादा असते आणि ती आपोआप लागू होते. पण एक मेख आहे. सकाळी प्लॅस्टिकचं कार्ड आणि संध्याकाळी तेच कार्ड फोनमधून टेकवलंत तर यंत्रणेला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात, आणि मर्यादेचा फायदा जातो. दिवसभर एकच काय ते वापरा. स्वीडनमध्ये ‘रोख स्वीकारत नाही’ अशी पाटी दुकानाच्या दारावर सर्रास दिसते. तिथे नोटा घेऊन गेलात तर त्या तशाच परत आणाल.

जर्मनीत उलटा अनुभव येऊ शकतो. दारावर कार्डाचं चिन्ह असतं, आत गेल्यावर कळतं की ते त्यांच्या देशी गिरोकार्डाचं आहे, तुमचं व्हिसा तिथे उपयोगाचं नाही. लहान दुकानांत, खाण्याच्या ठिकाणी रोख लागतेच. जपानमध्ये कार्डाचा वापर वाढलाय, पण रेल्वे-बससाठीची सुइकासारखी कार्डं स्टेशनवरच्या बऱ्याच मशीनवर रोख घालूनच भरावी लागतात. तिथे परदेशी कार्ड न घेणारी बँकांची एटीएमही भेटतात. सेव्हन-इलेव्हन दुकानांतली आणि पोस्टातली घेतात. चीनमध्ये तर प्रश्नच वेगळा, तिथे लोक क्यूआर कोडवर पैसे देतात. 2023 पासून अलीपे आणि वीचॅट पे या तिथल्या ॲपना परदेशी कार्ड जोडणं बरंच सोपं झालंय. ते काम निघण्यापूर्वीच उरकून घ्या, कारण ओळखपत्राची पडताळणी आणि ओटीपी या गोष्टी घरी बसून सोप्या असतात.

आणि काही देशांत तुमचं कार्ड म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. रशियात मार्च 2022 पासून बाहेरच्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड चालत नाहीत. इराणमध्येही चालत नाहीत. तिथे जाणाऱ्याला रोख की कार्ड हा पर्यायच नाही, सगळी रोख सोबत न्यावी लागते.

जिथे कार्ड उत्तम चालतं तिथेही थोडी रोख हवीच, याचं अलीकडचं उदाहरण 28 एप्रिल 2025 चं आहे. त्या दिवशी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये जवळजवळ देशभर वीज गेली. कार्डाची मशीन बंद, एटीएम बंद, मोबाइलचं नेटवर्क डळमळीत. ज्याच्या खिशात नोटा होत्या त्याला पाणी आणि टॅक्सी मिळाली. म्हणून मी दीड-दोन दिवस निभतील इतके पैसे तिथल्या चलनात लहान नोटांत ठेवतो आणि ते पाकिटात नाही, वेगळ्या जागी असतात. याहून जास्त रोख बाळगायला मी तयार नसतो. चोरीला गेलेली नोट गेली ती गेली. कार्ड हरवलं तर ॲपवरून मिनिटभरात बंद करता येतं आणि चुकीच्या व्यवहाराबद्दल बँकेकडे दाद मागता येते.

कार्डं मात्र दोन न्या. शक्यतो वेगळ्या बँकांची आणि वेगळ्या नेटवर्कची, आणि दोन्ही एकाच पाकिटात नकोत. परदेशी वापर चालू केलाय का आणि मर्यादा किती ठेवलीय ते ॲपमध्ये तपासा. ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम तिकडे चालू राहील याची सोय करा. तिथे उतरल्यावर लोक उत्साहानं स्थानिक सिम घालतात, घरचं सिम बॅगेच्या तळाशी जातं, आणि रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढायला बसलं की ओटीपी त्या बॅगेत जाऊन पडतो. पिन पाठ असू द्या. माणूस नसलेल्या मशीनवर, म्हणजे तिकीट, पार्किंग, पेट्रोल, कित्येकदा चिप आणि पिनशिवाय काम होत नाही. अमेरिकेत पेट्रोल पंपाचं मशीन कित्येकदा तिथल्या पत्त्याचा पोस्टाचा झिप कोड मागतं, कार्डाचा पिन नाही. परदेशी कार्डवाल्यानं आत काउंटरवर जाऊन आधीच पैसे भरावेत हे सोपं.

हॉटेल आणि भाड्याची गाडी, या दोन ठिकाणी अनामत म्हणून रक्कम रोखून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती तुमच्या मर्यादेतून जाते, डेबिट कार्डावर थेट तुमच्या खात्यातली अडकते आणि सुटायला कधी आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. तेवढे दिवस हाताशी असलेले पैसे कमी झालेले असतात. म्हणून अनामतीला क्रेडिट आणि रोख काढायला डेबिट, अशी सरळ विभागणी करा. गाडी भाड्यानं देणारे बहुतेक जण चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. प्रवासी प्रीपेड कार्ड तिथे चालेलच या भरवशावर राहू नका. ते कार्ड एरवी चांगलं आहे, खर्चावर लगाम राहतो, फक्त ज्या चलनात भरलंय त्याच चलनात वापरा. डॉलर भरून युरोत खर्च केलात तर पुन्हा रूपांतर आणि पुन्हा शुल्क.

नोटांबद्दल थोडं. अमेरिकन सरकार आपल्या जुन्या डॉलरच्या नोटा बाद करत नाही, पण इतर अनेक देशांतले पैसे बदलणारे दुमडलेली, शाई लागलेली किंवा जुन्या मालिकेची नोट हातात घेत नाहीत, किंवा कमी दर देतात. कोऱ्या करकरीत नोटा मागून घ्या. आणि कुणी नातेवाईक कपाटातले जुने पौंड प्रेमानं हातात ठेवत असेल तर बघून घ्या: 20 आणि 50 पौंडांच्या कागदी नोटा 30 सप्टेंबर 2022 नंतर ब्रिटनमध्ये दुकानात चालत नाहीत, बँक ऑफ इंग्लंडकडून बदलून मिळतात.

मोठी रोख नेणार असाल तर सीमाशुल्काचा नियम लक्षात असू द्या. युरोपियन युनियनमध्ये शिरताना किंवा तिथून निघताना 10,000 युरो किंवा अधिक रोख असेल तर ती जाहीर करावी लागते, अमेरिकेत 10,000 डॉलरहून अधिक असेल तर. नेणं बेकायदा नाही, लपवणं आहे. ट्युनिशियाचा दिनार मात्र देशाबाहेर नेताच येत नाही, त्यामुळे तिथे पोचल्यावरच बदलायचा, पावती जपायची आणि उरलेला निघण्यापूर्वी परत करायचा.

शेवटच्या दिवसाचं नियोजन लोक विसरतात. नाणी घरी परतल्यावर कुणी बदलून देत नाही. माझा नेम असा की शेवटच्या हॉटेलचं बिल दोन भागांत देतो: आधी उरलेल्या सगळ्या नोटा आणि चिल्लर त्यांच्यापुढे ठेवतो, राहिलेली रक्कम कार्डावर, तिथल्याच चलनात. बहुतेक ठिकाणी आनंदानं घेतात. घरी आल्यावर महिनाभर तरी ते कार्ड बंद करू नका. अनामत सुटायची असते, आणि भाड्याच्या गाडीचा टोल किंवा दंड कित्येकदा आठवड्यांनी येतो.