माशांच्या टाकीखालच्या संपचा (पाणी गाळणाऱ्या खालच्या टाकीचा) पंप वरच्या टाकीत जास्त पाणी चढवतोय, खाली कमी उतरतंय. प्रवाह जुळवायचा कसा?

खाली येणारं पाणी निव्वळ गुरुत्वाकर्षणाने येतं, त्यामुळे जुळवाजुळव पंपाच्या बाजूने करायची. पंपातून वर जाणाऱ्या पाइपवर व्हॉल्व्ह लावा (पाणी ओढणाऱ्या बाजूला कधीच नको) आणि टाकीतली पातळी स्थिर होईपर्यंत हळूहळू आवळा. निचऱ्याचा पाइप एकच असेल तर त्याला व्हॉल्व्ह नकोच. एखादी गोगलगाय अडकली तरी पाणी जमिनीवर.

खरी परीक्षा पंप बंद केल्यावर. वरचं पाणी परतीच्या पाइपातून (पंपातून वर जाणारा तोच पाइप) उलटं संपमध्ये उतरतं. संप काठोकाठ भरत असेल तर त्या पाइपाला टाकीतल्या पातळीच्या किंचित खाली बारीक छिद्र पाडा. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते, सायफन (पाइपातून पाणी आपोआप खाली ओढलं जाणं) तुटतो. शेवाळाने ते बुजतं, अधूनमधून साफ करत राहा.