परिषदेला निघण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

लाइफ कोचांच्या, म्हणजे प्रश्न विचारून माणसाला स्वतःची वाट शोधायला मदत करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या परिषदेसाठी नाव नोंदवलंस, बरं झालं. कोणकोणती सत्रं गाठू, असं विचारलं आहेस. मला मात्र सत्रांपेक्षा मधल्या सुट्टीची जास्त काळजी वाटते.

माझ्या पहिल्याच परिषदेत आम्ही चार-पाच लाइफ कोच सुट्टीत घोळका करून उभे होतो. जो तो आपली अवघड केस सांगत होता. मीही सांगितली. नाव घेतलं नाही. फक्त माझ्या क्लायंट बाईंचा हुद्दा, घरातला वाद आणि त्यांच्या तोंडचं एक वाक्य. ते ऐकताच शेजारच्या एका कोचचा चेहरा उतरला. ती त्या बाईंना ओळखत होती. काही न बोलता हातातला कप ठेवून निघून गेली. परतल्यावर मी फोन करून बाईंना सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुन्हा कधी आल्या नाहीत.

नाव गाळलं की गुप्तता पाळली, असं होत नाही रे. म्हणून तिथे जाताना स्वतःची अडचण घेऊन जा. ‘समोरचा रडू लागला की मी घाईनं पुढचा प्रश्न विचारतो’ हे तुझं आहे, खुशाल सांग. तो का रडत होता, हे त्याचं आहे. केसबद्दल बोलणं गरजेचंच असेल, तर क्लायंटची परवानगी घेऊन मेंटॉर कोचशी, म्हणजे तुला मार्गदर्शन करणाऱ्या अनुभवी कोचशी, बंद दाराआड बोल.

सत्रांमध्ये प्रत्यक्ष कोचिंगचं प्रात्यक्षिक चुकवू नकोस. तिथे प्रश्न टिपण्यापेक्षा कोच कुठे गप्प राहतो ते बघ. एकदा समोरची व्यक्ती ‘तसं सगळं ठीक आहे’ म्हणाली आणि बोटातली अंगठी फिरवत राहिली. कोचनं काहीच विचारलं नाही. खुर्च्या कुरकुरू लागल्या. बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, ‘नाही, ठीक नाहीये.’ तिनं पुढे जे सांगितलं ते त्या सभागृहातच राहायला हवं, आणि म्हणून इथेही लिहीत नाही.

प्रमाणपत्राचंही सांगतो. कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या संस्थेच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रासाठी क्लायंटबरोबरचे १०० तास लागतात, ते परिषदेत बसून भरत नाहीत. पुढे दर ३ वर्षांनी नूतनीकरणाला ४० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, त्यात किमान ३ तास आचारसंहितेचे. कुठलं सत्र त्यात धरलं जातं, हे आयोजकांना आधीच विचारून घे. आचारसंहितेच्या सत्राला तर आत्तापासूनच बस.

जोड्या करून सराव असेल, तेव्हा खोटा प्रश्न रचू नकोस. खराच घे, पण तेवढ्या वेळात पेलेल असा. आणि तोंड उघडण्याआधी समोरच्याला विचार, ‘हे आपल्या दोघांतच राहील ना?’

परत आलास की फोन कर.

तुझा,
जुना मार्गदर्शक