जहाजावरूनच निसर्ग पाहायचा असेल तर

प्रश्न : माझी ७८ वर्षांची आई वॉकरच्या आधाराने चालते आणि वडिलांना लांब अंतरासाठी व्हीलचेअर लागते. दोघांना क्रूझवरून निसर्ग पाहण्याची फार इच्छा आहे. कोणती सफर निवडावी?

उत्तर : ज्या सफरीत मुख्य दृश्य जहाजावरूनच दिसते तीच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अलास्कातील ग्लेशियर बेमध्ये क्रूझ जहाजे धक्क्याला लागत नाहीत. सगळेच प्रवासी डेकवरून किंवा काचेआड बसून हिमनद्या पाहतात, त्यामुळे आपल्या आईवडिलांचे काहीच हुकणार नाही. ऱ्हाईन नदीवरची सफर संथ पाण्यातून होते आणि काठावरचे किल्लेही छान दिसतात. पण अनेक नदी-बोटींची लिफ्ट सर्वांत वरच्या डेकपर्यंत जात नाही, शिवाय गर्दीच्या धक्क्यावर बोटी एकमेकींना लागून बांधल्या की शेजारच्या बोटीतून, प्रसंगी जिने चढून-उतरून, किनारा गाठावा लागतो.

प्रत्येक बंदरात जहाज धक्क्याला लागते की छोट्या टेंडर बोटीने उतरावे लागते, हे आरक्षणापूर्वी लेखी विचारून घ्यावे, कारण हेलकावणाऱ्या बोटीत व्हीलचेअर घेण्यास कर्मचारी नकार देऊ शकतात. केबिन मात्र ‘ॲक्सेसिबल’ प्रकारचीच घ्यावी; साध्या केबिनमध्ये स्नानगृहाच्या दाराशी बहुधा उंच उंबरठा असतो आणि रात्री अर्धवट झोपेत वॉकर नेमका तिथेच अडतो. अशा केबिन मोजक्याच असतात, म्हणून आरक्षण लवकर करावे, आणि शक्यतो खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी जागा मागावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात.