रिख्टरने बीथोव्हनचा 'एम्परर' कधीच का वाजवला नाही?

तुम्ही विचारलंय की स्व्यातोस्लाव रिख्टर या सोव्हिएत पियानोवादकाने आयुष्यभर एवढं वाजवलं, मग बीथोव्हनचा चौथा आणि पाचवा ('एम्परर') कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, का सोडला? झेपत नव्हता का?

झेपण्याचा प्रश्न मनातून काढून टाका. १९६० मध्ये अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यात त्याने ब्राम्सचा दुसरा कॉन्चेर्टो रेकॉर्ड केला. तो ऐका, मग बोलू. बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर'चे दोन्ही खंड, म्हणजे ४८ प्रिल्यूड आणि ४८ फ्यूग, त्याने वाजवले. बाखचीच 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' मात्र नाहीत. बीथोव्हनच्या पाच कॉन्चेर्टोंपैकी पहिला आणि तिसरा, बस. त्याचा 'वाल्डस्टाइन' सोनाटा (एकट्या पियानोसाठीची मोठी रचना), तोही नाही.

मला सगळ्यात गंमत वाटते ती रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हची. १९४१ साली मॉस्कोत रिख्टरने त्याचा पाचवा कॉन्चेर्टो वाजवला, ऑर्केस्ट्रा चालवायला खुद्द प्रोकोफिएव्ह उभा. हा कॉन्चेर्टो तोवर कुणी फारसा मनावर घेतला नव्हता. जानेवारी १९४३ मध्ये प्रोकोफिएव्हचा सातवा सोनाटा लोकांसमोर पहिल्यांदा आणला तोही रिख्टरनेच, चार दिवसांत बसवून. नववा तर त्यालाच अर्पण केलेला. एवढा घरोबा असूनही सगळं जग वाजवतं तो तिसरा कॉन्चेर्टो याने कधी वाजवला नाही!

माझ्या मते त्याला संच पूर्ण करण्याची हौसच नव्हती. आपण पियानोच्या ग्रेड परीक्षा देत वाढतो, त्यामुळे एखादी गोष्ट सुटली की ती राहून गेली असंच वाटतं. (मी पाचव्या ग्रेडपर्यंत दिल्या, अजून ती सवय जात नाही.) रिख्टर आवडेल ते उचलायचा. ज्या काळी शूबर्टचे सोनाटे मैफलीत क्वचितच कानी पडत, तेव्हा त्याने ते हट्टाने वाजवले. त्यातही ए मेजर, डी ९५९ ('डी' म्हणजे शूबर्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), वगळलाच.

आणि हे वगळणं म्हणजे म्हातारपणचा आळस नव्हे. १९८० च्या सुमाराला त्याने आठवणीतून वाजवणं थांबवलं. सभागृहात अंधार, पानांवर एक छोटा दिवा, शेजारी पानं उलटणारा. पाठांतराचं ओझं गेलं आणि नव्या रचना घ्यायला तो मोकळा झाला. १९९३ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, याने काय काढावं? जॅझच्या ढंगात लिहिणाऱ्या अमेरिकन गर्शविनचा कॉन्चेर्टो! 'एम्परर'ला सवड नाही, पण गर्शविनला आहे.

सुरुवात करायची तर शूबर्टचा बी फ्लॅट मेजर, डी ९६० घ्या. नुसता पहिला भाग जवळजवळ पंचवीस मिनिटं चालतो, कारण लय इतकी संथ की पहिल्यांदा मला रेकॉर्डिंगच बिघडलंय असं वाटलं होतं. शांत सूर सुरू होतो, आणि आठव्या मापात अगदी खालच्या पट्टीत एक दबका ट्रिल (शेजारच्या दोन सुरांची झपाट्याने अदलाबदल) येतो, लांब कुठेतरी ढग गडगडल्यासारखा. मग शांतता. रिख्टर ती शांतता अजिबात आवरती घेत नाही.

हेडफोन लावूनच ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर तो ट्रिल ऐकूच येत नाही.