इंजिन बंद करून उतरतात का?

प्रश्न : माझी मुलगी पायलटचं ट्रेनिंग घेते आहे. गणपतीला घरी आली तेव्हा सहज बोलून गेली, ‘आम्ही इंजिन बंद करून विमान उतरवतो.’ तेव्हापासून तिची आजी देव पाण्यात घालून बसली आहे. चिपी विमानतळावर येणारं विमान तर आवाज करतच उतरतं. मग बरोबर पद्धत कोणती?
– एक पालक, वेंगुर्ले

उत्तर : आधी आजींना सांगा, देव पाण्यातून काढा. इंजिन बंद करत नाहीत. त्या सरावात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा दांडा, पूर्ण मागे घेतात, इंजिन उभ्या रिक्षासारखं धुगधुगत राहतं. पोरं ‘बंद’ म्हणतात, कारण ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मीही म्हणायचो.

सेस्ना १५२ सारखं छोटं विमान इंजिनाच्या जोराशिवाय एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे सरकतं. म्हणजे १००० फुटांवरून जेमतेम पावणेतीन किलोमीटर, तेही वारा नसताना. इंजिनाच्या जोरावर, नेहमीच्या तीन अंशांच्या उतारानं आलात तर त्याच उंचीवर असताना धावपट्टी पावणेसहा किलोमीटर लांब असते. तिथे इंजिन गेलं तर विमान अर्ध्या वाटेत टेकणार, आणि आपल्याकडे अर्धी वाट म्हणजे कुणाची तरी कलमांची बाग, नाहीतर खाडी.

मग रोज असं जोराशिवाय तरंगतच का उतरत नाहीत? कारण इंजिन हाताशी असलं की चूक दोन्ही बाजूंनी सुधारता येते. तरंगताना उंची जास्त झाली तर फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) आहेत, विमान तिरकं धरून उंची घालवता येते. कमी पडली तर काही नाही.

हे मी किनाऱ्यावरच्याच एका धावपट्टीवर शिकलो. सकाळी वारा पडलेला असताना जिथून धावपट्टीकडे वळायचो, तिथूनच एका दुपारी वळलो. समोरून खारा वारा चांगलाच सुटला होता. धावपट्टी काचेत वरवर सरकू लागली, म्हणजे मी अलीकडेच पडणार होतो. अशा वेळी हात आपोआप नाक वर ओढतो. वाटतं, थोडं लांब जाऊ. होतं उलटंच. वेग ६० नॉटवरून ५० वर आला, विमान आणखी बसू लागलं. अजून ओढलं असतं तर स्टॉल, म्हणजे पंखांचा आधारच सुटला असता. शेजारच्या गुरुजींनी मुकाट्यानं थ्रॉटल पुढे सरकवला आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कितीतरी आधी वळलो.

म्हणून रोजचं उतरणं बहुधा इंजिनावर, आणि तरंगण्याचा सराव मात्र हात बसेपर्यंत. मोठ्या जेट विमानांची गोष्ट निराळी. जेट इंजिनाला मंद स्थितीतून पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात, म्हणून ते शेवटपर्यंत थोडं तापतं ठेवतात.

आपल्या दमट हवेत एक खाचखळगा आहे. थ्रॉटल मागे असताना कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरतो, बाहेर पंचवीस अंश असले तरी! मग हवा तेव्हा जोर मिळत नाही. त्यासाठी कार्बोरेटर हीट, म्हणजे तिथे गरम हवा सोडणारी कळ, ओढतात, आणि लांब तरंगताना दर ५०० फुटांना थ्रॉटल क्षणभर उघडून इंजिन जागं आहे ना, ते बघतात.

मुलीला विचारा, हीट कधी ओढतेस? ‘थ्रॉटल मागे घेण्याआधी’ असं पटकन उत्तर आलं, तर आजींना खुशाल झोपू द्या.